सोलापूरची खडी रेल्वेने पुण्याकडे: प्रकल्प नोंदी

१८ नोव्हेंबर २०२४

पुण्याच्या पूर्वेकडील एका मोठ्या काँक्रीट कामासाठी दरमहा सुमारे आठ हजार टन खडी सोलापुरातून पुरवता येईल का, अशी विचारणा आली असून त्यासाठी रेल्वेचा पर्याय तपासण्याचे काम माझ्याकडे देण्यात आले आहे. ग्राहकाच्या नेहमीच्या खाणींचा पुरवठा काही महिने अपुरा पडणार आहे, म्हणून ही मागणी आली. एरवी ती आली नसती, हे आरंभीच नोंदवून ठेवतो. सोलापूर काय आणि पुणे काय, दोन्ही शहरे एकाच काळ्या पाषाणावर, दख्खनच्या बेसाल्टवर, उभी आहेत, आणि दगड जिथे पायाखालीच आहे तिथे तो अडीचशे किलोमीटरवरून सहसा कोणी मागवत नाही. झारखंडमधील पाकुडची खडी रेल्वेने बंगाल-बिहारकडे जाते, कारण गंगेच्या गाळाच्या मैदानात कितीही खणले तरी मातीच लागते. इंग्लंडमध्ये मेंडिप टेकड्यांतला चुनखडक मालगाड्यांनी लंडनला जातो, त्याचेही कारण तेच, की लंडनच्या आसपास कठीण खडक नाही. आपल्याकडे हा व्यवहार अपवादाचा आहे आणि तो तसाच समजून तपासायला हवा.

रस्त्याचा हिशेब आधी मांडला. कायद्याच्या वजनात राहिले तर एका हायवा टिपरमध्ये चार ब्रासच्या आसपास, म्हणजे सुमारे सतरा टन, खडी बसते. सोलापूर ते पुणे हे अंतर जाऊन, माल उतरवून रिकामे परत यायचे म्हणजे टिपरचा अख्खा दिवस जातो, आणि परतीचे भाडे मिळण्याची आशा टिपरच्या बाबतीत धरू नये. महिन्याला साडेचारशेच्या वर फेऱ्या होतात. रेल्वेने तोच माल दोन रेकमध्ये, म्हणजे दोन अख्ख्या मालगाड्यांत, जातो. कागदावर हे इतके सोपे दिसते की त्यावर लगेच विश्वास ठेवायला मन धजत नाही.

२१ नोव्हेंबर

आज खाणीवर जाऊन वीस एमएम खडीची घनता मोजली. पंधरा लिटरचे दंडगोल भांडे, मोकळी ओतलेली खडी, वरून पट्टीने सपाट केलेली. पाच वेळा मोजून सरासरी २२.८ किलो आली, म्हणजे घनमीटरला १.५२ टन. अखंड बेसाल्टची घनता २.९ च्या आसपास असते, म्हणजे खडीच्या मोकळ्या ढिगात जवळजवळ निम्मी हवा असते. ही हवा पुढे आपल्याला त्रास देणार, असे तेव्हाच वाटले.

त्रासाचे मूळ मोजमापात आहे. खाणीवर सगळा व्यवहार ब्रासमध्ये चालतो. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास, म्हणजेच २.८३ घनमीटर. सरकार गौण खनिजाचे स्वामित्वधन (रॉयल्टी) ब्रासवर घेते, २०२१ पासून ते ब्रासला सहाशे रुपये आहे, आणि खाणीतून निघणाऱ्या प्रत्येक टिपरच्या वाहतूक परवान्यावरही ब्रासच लिहिलेले असतात. रेल्वे मात्र फक्त टन ओळखते. ग्राहकाचा काँक्रीट प्लांटही खडी किलोने मोजून घेतो, पण त्याचा खरेदी विभाग दर ब्रासचा मागतो. आमच्या घनतेने एक ब्रास ४.३ टनांचा होतो. बाजारात कोणी चार धरतो, कोणी साडेचार. चार आणि साडेचार यांमधला फरक एका टिपरवर फारसा जाणवत नाही, पण चार हजार टनांच्या रेकवर तो शंभर ब्रासच्या वर जातो.

२७ नोव्हेंबर

शहराबाहेरच्या मालधक्क्याची, म्हणजे मालगाडीत माल चढवण्या-उतरवण्याच्या फलाटाची, पाहणी केली. तीन गोष्टी बघायच्या होत्या आणि तिन्ही गोष्टी कोणत्याही पत्रकावर लिहिलेल्या नसतात.

पहिली, धक्क्याची उंची. आम्हाला ज्या उघड्या वाघिणी (मालगाडीचे डबे) मिळण्याची शक्यता आहे त्या बॉक्सएन प्रकारच्या. त्यांची वरची कड रुळापासून ३.२२ मीटरवर असते. साध्या व्हील लोडरची बकेट पावणेतीन मीटरच्या आसपास उंचीवर माल ओतते, म्हणजे जमिनीवर उभा राहिलेला लोडर या वाघिणीच्या कडेपर्यंत पोहोचतच नाही. मालधक्का रुळापासून मीटरभर उंच असला तर हीच कड लोडरच्या चाकांपासून सव्वादोन मीटरपेक्षाही खाली येते आणि काम होते. इथला धक्का उंच आहे. धक्का जमिनीच्या पातळीला असता तर मातीचा चढ तरी करावा लागला असता किंवा पोकलेन तरी आणावे लागले असते.

दुसरी, डोक्यावरची तार. मुख्य मार्गाचे विद्युतीकरण झालेले आहे आणि त्या तारेत पंचवीस हजार व्होल्टचा विद्युतदाब असतो. तारेखाली लोडरची बकेट उचलणे म्हणजे मरण आहे. तारेला स्पर्श होण्याचीही गरज नसते, जवळ गेले तरी पुरते. इथल्या धक्क्याच्या मार्गावर तार नाही आणि शेवटचा टप्पा डिझेल इंजिनाने केला जातो, हे प्रत्यक्ष पाहून खात्री करून घेतली. पुण्याकडच्या टोकालाही हीच खात्री करावी, असे पत्र ग्राहकाला पाठवले.

तिसरी, लांबी. एक बॉक्सएन वाघीण १०.७ मीटर लांब असते, ५८ वाघिणींची लांबी ६२० मीटरच्या वर जाते. इथे पूर्ण रेक एका वेळी धक्क्याला लागतो. पुण्याकडच्या धक्क्यावर तो दोन भागांत लावावा लागेल, असे कळले आहे.

४ डिसेंबर

आज मालबाबूंकडे, म्हणजे रेल्वेच्या मालवाहतुकीचे काम पाहणाऱ्या कर्मचाऱ्यांकडे, बसून रेकच्या मागणीची प्रक्रिया समजून घेतली. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, "बॅलास्ट की बांधकामाची खडी?" प्रश्न रास्त आहे, कारण रेल्वे स्वतःच दगडाची फार मोठी गिऱ्हाईक आहे आणि रुळाखालची खडी ही वेगळीच वस्तू असते. ती मोठी असते. तिच्या विनिर्देशाप्रमाणे ६५ एमएमच्या चाळणीवर पाच टक्क्यांहून जास्त राहता कामा नये, ४० च्या चाळणीवर ४० ते ६० टक्के राहायला हवी आणि २० च्या चाळणीवर निदान ९८ टक्के. काँक्रीटमध्ये जी वीस एमएम खडी आपण मागतो ती रुळाखाली जवळजवळ कचरा ठरते. मालबाबूंनी हे सगळे मला चहा येईपर्यंत समजावून सांगितले आणि चहा आल्यावर म्हणाले, "तुम्ही रेक मागाल, पण तो येणार कुठून हे पाहिलंत का?"

हा प्रश्न मात्र माझ्या टिपणात नव्हता. उघड्या वाघिणी मुख्यतः कोळशासाठी फिरतात. होटगीजवळ १,३२० मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प आहे, तेव्हा कोळसा उतरवून रिकाम्या झालेल्या वाघिणी आपल्या दारातच उभ्या असणार, असे मी गृहीत धरले होते. पण रिकामी वाघीण मोकळी नसते, तिला परत खाणीकडे जायचे असते, आणि ती दिशा आपल्याला हव्या असलेल्या दिशेच्या उलट आहे. ज्या दिशेने वाघिणी एरवीही रिकाम्या धावतात त्या दिशेचा माल असेल तर रेल्वे तो आनंदाने घेते, तशा मालाला भाड्यात सवलत देण्याच्या योजनाही तिने केलेल्या आहेत. आपल्या मालासाठी मात्र वाघिणीला वाकडी वाट करावी लागते. म्हणून रेक मिळेल, पण तारीख सांगता येणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. हे आधी कळले असते तर ग्राहकाला दिलेल्या वेळापत्रकात मी आठवड्याचे वार लिहिले नसते.

९ डिसेंबर

पनवेलच्या बाजूलाही काही रेक द्यावेत, अशी ग्राहकाची नवी सूचना आली. नकार कळवला. पुण्याच्या पुढे बोरघाट आहे, तिथला उतार ३७ ला १ आहे, आणि घाटातल्या मालगाड्यांचे नियम व वेळ या दोन्ही गोष्टी आपल्या आवाक्याबाहेरच्या आहेत. शिवाय पहिला रेकही अजून भरलेला नसताना दुसऱ्या गावाची स्वप्ने पाहण्यात अर्थ नाही.

क्रश सँडही (दगड भरडून केलेली वाळू) याच रेकमधून पाठवण्याचा विचार होता, तोही सोडला. वाघिणीच्या दारांच्या फटींतून बारीक माल वाटभर गळतो आणि अशी वाळू पाणीही जास्त धरते.

१७ डिसेंबर

रेकची मागणी नोंदवली आणि अनामत भरली. धक्क्यावर आगाऊ साठा करण्याची परवानगी मिळाल्याने आजपासून टिपर सुरू झाले. एका रेकसाठी २२९ फेऱ्या लागतात. साठा तीनशे मीटर लांब, सरासरी सहा मीटर रुंद आणि दीड मीटर उंच असा रचायचा आहे, आणि ढीग व वाघीण यांच्यामध्ये लोडरला वळायला जागा ठेवायची आहे. पहिल्याच दिवशी टिपरवाल्यांनी ही जागा सोयीची म्हणून ढिगाने भरून टाकली, तेव्हा चुन्याच्या दोन रेघा मारून घेतल्या.

भरण्यासाठी नऊ तास धरून लोडरचा हिशेब केला. एका वाघिणीत ६८ टन घालायचे आहेत. दहा बकेट टिपरमध्ये ओतून वजनकाट्यावर तोलल्या तेव्हा सरासरी बकेट २.६ टनांची निघाली, म्हणजे वाघिणीला २६ बकेट, आणि रेकला पंधराशेच्या वर. तीन लोडर लावले तर प्रत्येकाला नऊ तास अखंड, दर मिनिटाला जवळजवळ एक बकेट टाकावी लागेल. चहा नाही, डिझेल नाही, टायरमध्ये अडकलेला दगड काढणेही नाही. चार लोडर लावले तर बकेटमागे सव्वा मिनिटाच्या वर मिळते, आणि हे माणसाला जमण्यासारखे आहे. चौथ्या लोडरचे भाडे अंदाजपत्रकात नव्हते. ते आज घातले. ठरलेली वेळ उलटली की प्रत्येक वाघिणीला तासागणिक डेमरेज (उशिराचा आकार) लागते आणि वाघिणी ५८ आहेत, एवढे एकच वाक्य हिशेबनीसांना पुरले.

२ जानेवारी २०२५

काल रात्री दोनला फोन आला की रेक पहाटे लागणार. डिसेंबरभर ज्याची वाट पाहिली तो रेक नेमका वर्षाच्या पहिल्या रात्री आला. पहाटे पाचला धक्क्यावर पोहोचलो तेव्हा वाघिणी लागत होत्या आणि चारपैकी तीन लोडर हजर होते. चौथा अक्कलकोटकडून यायचा होता, तो साडेसातला आला.

भरण्याआधी प्रत्येक वाघिणीत माणूस उतरवून झाडून घेतले. कोळशाच्या वाघिणी असल्याने कोपऱ्यांत, दारांच्या चौकटींत आणि तळाच्या पत्र्यावर कोळसा चिकटलेला होता. काही वाघिणींतून दोन घमेली निघाली, काहींतून सहा. काँक्रीटच्या खडीत कोळसा एक टक्क्यापर्यंत चालतो, असे भारतीय मानक ३८३ सांगते, आणि ६८ टनांत शेसव्वाशे किलो कोळसा राहिला तरी तो टक्क्याच्या पाव हिश्श्यालाही पोहोचत नाही, म्हणून झाडण्यात दीड तास घालवू नये, असे एकाने सुचवले. हिशेब बरोबर आहे आणि निष्कर्ष चुकीचा आहे. कोळसा साऱ्या मालात सारखा मिसळत नाही, तो एका कोपऱ्यात ढिगाने बसतो, आणि उतरवताना तो अख्खा कोपरा एकाच बकेटमध्ये येतो. ज्या काँक्रीटमध्ये ती बकेट पडेल त्याला सरासरीचा काही उपयोग नाही. झाडून घेतले.

भरायची उंची मी आधी काढून ठेवली होती. बॉक्सएनची आतली लांबी ९.७८ मीटर, रुंदी २.९५ मीटर आणि उंची १.९५ मीटर. ६८ टन खडी १.५५ मीटर उंचीपर्यंत येते, वरचे चाळीस सेंटिमीटर रिकामे ठेवायचे. ही वाघीण कोळशासाठी घडवलेली आहे. कोळसा हलका, तो काठापर्यंत भरतो. दगडाने काठापर्यंत भरली तर पंधरा टनांच्या वर जादा होईल. म्हणून प्रत्येक वाघिणीत आतल्या बाजूने १.५५ वर पिवळी रेघ मारली होती आणि त्या रेघेचा मला थोडा अभिमानही होता.

दहाच्या सुमारास लक्षात आले की ही रेघ कोणालाही दिसत नाही. लोडरचा चालक धक्क्यावरून पाहतो, त्याला वाघिणीची बाहेरची बाजू आणि वरची कड दिसते. रेघ आत, कडेच्या चाळीस सेंटिमीटर खाली. चालकांनी मग आपल्या नजरेने भरायला सुरुवात केली होती. बकेट मोजायला माणूस होता, पण चार लोडर एकाच वेळी शेजारच्या वाघिणींवर काम करू लागले की कोणाची बकेट कुठे पडली याचा मेळ राहत नाही. शिवाय लोडर एकाच बाजूने ओततो, त्यामुळे माल धक्क्याकडच्या भिंतीशी उंच होतो आणि पलीकडे खाली राहतो. वाघिणीचा भार दोन्ही बाजूंना सारखा असणे ही सुरक्षिततेची गोष्ट आहे, तेव्हा दहा माणसे वर चढवून फावड्यांनी माल पलीकडे ओढून घेतला. वर तार नसल्यामुळेच हे करता आले.

दुपारी कामगारांनी डबे उघडले तेव्हा कडक भाकरी आणि शेंगाचटणी माझ्याही हातात आली. ती उभ्यानेच खाल्ली. ठरलेल्या वेळेच्या वीस मिनिटे आधी शेवटची वाघीण भरली. रेल्वे रसीद हातात पडली तेव्हा अंधार झाला होता.

३ जानेवारी

गाडी रात्रीच सुटली. मोबाइलच्या पडद्यावर मोहोळ, कुर्डुवाडी, दौंड अशी स्थानके पुढे सरकताना पाहत राहिलो. एवढ्या खटाटोपातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत निवांत भाग हाच, ज्यात आमचे काहीच काम नाही.

४ जानेवारी

वाटेतल्या वजनकाट्यावर ५८ पैकी नऊ वाघिणी जादा भाराच्या निघाल्या. कमीत कमी एक टन आणि जास्तीत जास्त तीन टन. दंडाची रक्कम इथे लिहीत नाही, पण तिने चौथ्या लोडरचे भाडे फारच किरकोळ वाटायला लावले.

तीन टन म्हणजे किती, हे दिवसभर डोक्यात घोळत राहिले. वाघिणीच्या तळाचे क्षेत्रफळ जवळजवळ २९ चौरस मीटर आहे, त्यावर सात सेंटिमीटर खडी चढली की तीन टन होतात. सात सेंटिमीटर म्हणजे माझी चार बोटे. चालकाला नजरेने ज्या मालात हातभराचाही फरक कळत नाही, त्यात त्याने चार बोटांचा फरक ओळखावा अशी अपेक्षा मी ठेवली होती, म्हणजे दोष नजरेचा नव्हता.

आणखी एक गोष्ट माझ्याच हातून झाली. धूळ उडू नये म्हणून साठ्यावर आदल्या संध्याकाळी पाणी मारायला मीच सांगितले होते. संपूर्ण रेकवर एक टक्का पाणी धरले तरी ते एकोणचाळीस टन होते, म्हणजे नऊ ब्रास खडीच्या वजनाचे पाणी भाडे भरून पुण्याला गेले. धूळ तर मारायलाच हवी. पण पाणी वरच्या थरावर, भरण्याच्या वेळी, फवाऱ्याने मारायचे, ढिगात मुरेपर्यंत नाही.

५ जानेवारी

पुण्याच्या टोकाला उतरवणे पाहिले. रेक दोन भागांत लागला आणि त्या अदलाबदलीत बराच वेळ गेला. पोकलेनने वरचा माल झपाट्याने निघतो, पण तळाचा वीतभर थर काढताना चालकाला हात आवरावा लागतो. बकेटचे दात तळाच्या पत्र्याला लागले तर वाघिणीच्या नुकसानीची भरपाई आपल्याकडून घेतली जाते. तो थर माथाडी कामगारांनी दारे उघडून फावड्यांनी काढला. यंत्राने एका वाघिणीला वीस मिनिटे घेतली आणि माणसांनी तळ साफ करायला पंचवीस.

धक्क्यावर पडलेली खडी पुन्हा टिपरमध्ये भरून अकरा किलोमीटरवरच्या कामावर न्यायची. रस्त्याने माल गेला असता तर तो खाणीवर एकदा उचलला गेला असता आणि थेट प्लांटवर ओतला गेला असता. रेल्वेच्या वाटेने तो चार वेळा उचलला जातो: खाणीवर टिपरमध्ये, धक्क्यावरून वाघिणीत, वाघिणीतून धक्क्यावर आणि धक्क्यावरून पुन्हा टिपरमध्ये. प्रत्येक उचलीला पैसे आहेत, प्रत्येक उचलीला थोडी खडी फुटून भुकटी होते आणि प्रत्येक ढिगाच्या तळाची खडी मातीत जाते. माझ्या खर्चाच्या तक्त्यात अडीचशे किलोमीटरच्या रुळांपेक्षा दोन्ही टोकांच्या मिळून पस्तीस किलोमीटरच्या रस्त्यांच्या व उचलीच्या ओळी जास्त जागा अडवून बसल्या आहेत.

१४ जानेवारी

साठा थांबला आहे. सिद्धेश्वरांची यात्रा सुरू असल्याने टिपरचालकांपासून झाडणाऱ्या बायकांपर्यंत सगळे गड्ड्यावर, म्हणजे यात्रेच्या जत्रेत, आहेत, आणि नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या दिवशी सोलापुरात कोणी खडी भरत असेल तर तो सोलापूरकर नव्हे. वेळापत्रकात या चार दिवसांची सुट्टी मी आधीच धरली होती. यातला एवढाच अंदाज आतापर्यंत बरोबर आला.

२३ जानेवारी

सुताराकडून मापकाठी करून घेतली. वाघिणीच्या कडेवर ठेवायची एक आडवी पट्टी आणि तिच्या मधोमध खाली लोंबणारा बरोबर चाळीस सेंटिमीटरचा दांडा. धक्क्यावरच्या शिडीवर उभ्या राहिलेल्या माणसाने ती कडेवर टेकवायची; दांड्याचे टोक खडीला नुसते टेकले की भर झाला, दांडा उचलला गेला की जास्त झाले, खाली फट राहिली की कमी. आतली पिवळी रेघ ही मजकडून झालेली कागदावरची हुशारी होती. या काठीला वाचता येण्याचीही गरज नाही. सुताराने पट्टी सागाची केली आणि टोकाला लोखंडी टोपी बसवली, कारण "दगडावर आपटून चार दिवसांत झिजेल, मग तुमचे चाळीस राहतील का?" असे त्याने विचारले. हा विचार माझ्या मनात आला नव्हता.

बकेट मोजण्याची पद्धतही बदलली. प्रत्येक लोडरला सलग वाघिणींचा स्वतःचा पट्टा आणि स्वतःचा मोजणारा. मोजणाऱ्यापुढे २६ खडे ठेवायचे, प्रत्येक बकेटला एक खडा डब्यात टाकायचा. एका मोजणाऱ्याने हिशेब कन्नडमध्ये ठेवला आणि तोच सर्वांत अचूक निघाला.

३० जानेवारी

दुसरा रेक. लोडर चारही वेळेवर. २४ बकेट झाल्या की काठी, मग एकेक बकेट आणि पुन्हा काठी. सुरुवातीला चालकांना हे पोरखेळ वाटले. पहिल्या रेकच्या दंडाचा आकडा सांगितल्यावर वाटेनासे झाले. आठ तास पस्तीस मिनिटांत काम संपले. नोंद घेण्यासारखी दुसरी अडचण आली नाही.

१ फेब्रुवारी

वजनकाट्यावर एकही वाघीण जादा भाराची नाही.

२ फेब्रुवारी

आनंद एक दिवस टिकला. उतरवण्याच्या टोकाला ग्राहकाच्या माणसाने उतरवण्याआधी वाघिणींत टेप सोडून मोजमाप घेतले आणि रेकमध्ये ४१ ब्रास कमी भरल्याचे पत्र दुपारी हातात दिले. त्याचे मोजमाप खोटे नव्हते. मी स्वतः त्याच्याबरोबर शिडीवर चढलो, कडेवरून टेप सोडला. सोलापुरात चाळीस सेंटिमीटर असलेली फट सत्तेचाळीस झाली होती. एकाच नव्हे, पाहिलेल्या प्रत्येक वाघिणीत सेंटिमीटरभर इकडे-तिकडे हेच.

पुन्हा चार बोटे. पहिल्या रेकमध्ये चार बोटे वर चढली तेव्हा ती तीन टन झाली आणि दंड बसला. या रेकमध्ये तीच चार बोटे खाली बसली आणि त्यांचे वजन शून्य आहे. अडीचशे किलोमीटर रुळांच्या हादऱ्यांनी खडी दाबली गेली, खड्यांमधली हवा थोडी निघाली, १.५२ ची घनता १.५९ झाली. दगड एकही कमी झाला नाही, हे वजनकाट्याची पावतीच सांगते. ग्राहकाचा माणूस सज्जन होता, त्याने सगळे ऐकून घेतले, आणि म्हणाला, "साहेब, मला समजलं, पण माझ्या फॉर्ममध्ये ब्रासच लिहायचे आहेत."

शेवटी त्याच्यासमोरच एक प्रयोग केला. एका वाघिणीतली उतरवलेली खडी टिपरमध्ये मोकळी भरून मोजली. वाघिणीत ती १५.१ ब्रास दिसत होती, टिपरमध्ये पुन्हा १५.७ झाली, म्हणजे सोलापुरात भरली त्यापेक्षा जेमतेम दशांशाने कमी. पोकलेनने उचलताना हवा परत आत शिरते. त्याने दोन्ही आकडे फॉर्मच्या मागच्या बाजूला लिहिले आणि सही केली.

७ फेब्रुवारी

ग्राहकाबरोबर बैठक झाली. पुरवठ्याचे एकक टन ठरले. रेल्वेच्या वजनकाट्याची नोंद दोघांनाही मान्य राहील, आणि वाटेत वजन झाले नाही तर रेल्वे रसिदीवरचे वजन धरले जाईल. ओलाव्यासाठी दोन्ही टोकांना नमुना घ्यायचा आणि एक टक्क्यापेक्षा जास्त पाणी असेल तर ते वजनातून वजा करायचे, ही अट त्यांनी घातली व मी आनंदाने मान्य केली, कारण यापुढे पाण्याचा फवारा कोणाच्या हातात द्यायचा याचा निर्णय आपोआप झाला. स्वामित्वधन मात्र ब्रासवरच राहणार, तेव्हा खाणीवर टिपर भरताना मोकळ्या खडीचे ब्रास आणि धक्क्यावर टन, अशी दुहेरी नोंदवही ठेवावी लागेल.

रेक कधी मिळेल याची हमी देण्यास मी नकार दिला. त्याऐवजी ग्राहकाने आपल्या प्लांटवर एका रेकभर साठा कायम ठेवावा, असे ठरले. साठ्याची जागा त्यांची, साठ्यात अडकलेला पैसा निम्मा आमचा. यावर सर्वाधिक वेळ गेला. जवळच्या खाणी पूर्ववत सुरू झाल्या तर हा करार एका महिन्याच्या सूचनेने संपेल, हे कलमही त्यात आहे आणि ते वापरले जाईल, असे माझे मत आहे. या अंतरावर रस्त्यापेक्षा रेल्वे आम्हाला स्वस्त पडली, पण थोडक्यात पडली, आणि तीही दंड व डेमरेज टळले तरच. कामाची जागा मालधक्क्यापासून अकराऐवजी तीस किलोमीटरवर असती तर हा बेत मी पहिल्याच आठवड्यात मोडीत काढला असता.

१२ फेब्रुवारी

तिसऱ्या रेकची मागणी नोंदवली. धक्क्यावर आजअखेर ६३ फेऱ्यांचा साठा. सुताराकडून दुसरी मापकाठी आली. ती पुण्याच्या टोकाला पाठवायची आहे. तिचा दांडा चाळीसचाच आहे, पण त्यावर सत्तेचाळीसचीही खूण असावी म्हणून तो दहा सेंटिमीटर लांब करून चाळीसला एक आणि सत्तेचाळीसला एक, अशा दोन खाचा पाडून घ्यायला परत दिला आहे.